बुधवार, अकरा एकोणसाठ

पहाटे ४.५०

इतर दिवशी मी गजर दोनदा तरी दाबते. बुधवारी त्याच्या आधीच जाग येते. ओट्यावर कुकर चढवला, फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि गिल्बर्ट स्ट्रँग सरांना सुरू केलं. अमेरिकेतल्या एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलं होतं की आम्ही वर्गात जे शिकवतो ते साऱ्या जगासाठी मोकळं करू. त्या ‘ओपनकोर्सवेअर’मधला हा लिनिअर अल्जिब्राचा कोर्स. सर २०२३ मध्ये निवृत्त झाले, चित्रीकरण मात्र १९९९ च्या वर्गाचं आहे. फळा, खडू आणि एक माणूस. मागे संगीत नाही, हलणारी चित्रं नाहीत.

हे गणित मी इंजिनिअरिंगच्या पोरांना चौदा वर्षं शिकवतेय आणि पहिल्याच तासाला सरांनी माझी फजिती केली. दोन समीकरणं दिली की आपण काय करतो? आडव्या ओळी बघतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक रेषा, रेषा छेदतील तिथे उत्तर. सर म्हणतात, आता तेच उभं वाचा. हा एक स्तंभ, हा दुसरा. कुठला किती घेतला म्हणजे उजवीकडची बेरीज जमेल? मी व्हिडिओ थांबवला. तिसरी शिट्टी झाली तरी कुकर तसाच. चौदा वर्षं जे आडवं वाचलं ते कुणीतरी उभं करून दाखवलं होतं.

आवाजाचा वेग मी पाऊणपट ठेवते. हे कॉलेजात सांगत नाही. पोरं दुपटीने ऐकतात आणि मॅडम पाऊणपट, म्हणजे इज्जतच गेली.

६.३०

मुलगी सातवीत आहे, मराठी शाळेत. बालभारतीच्या पुस्तकात धड्याजवळ काळा-पांढरा चौकोन असतो. तो फोनला दाखवला की ‘दीक्षा’ ॲपवर त्या धड्याचा व्हिडिओ उघडतो. पाठ्यपुस्तकात असे क्यूआर कोड घालायची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत राबवली होती. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

आज चौकोन दाखवला, पण गोल काही फिरायचं थांबेना. बाहेर पाऊस, रेंज एक दांडी. “आई, तूच सांग ना, लवकर होईल,” ती वेणी पुढे करून म्हणाली. एका हाताने रिबन, दुसऱ्या हाताने ओट्यावरच्या पिठात बोटाने गुणोत्तर. तीन मिनिटांत झालं.

सलमान खानची गोष्ट मला अशा वेळी आठवते. सिनेमातला नव्हे, खान अकादमीवाला. २००४ मध्ये नात्यातल्या बहिणीला, नादियाला, एककांची रूपांतरं जमत नव्हती म्हणून त्याने दुसऱ्या गावाहून फोनवर शिकवायला घेतलं. मग इतर भावंडं मागे लागली, २००६ मध्ये त्याने व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. एवढ्या अवाढव्य फुकट शाळेचा पाया “दादा, हे सांग ना” एवढाच होता.

८.२०

एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली. खिडकी बंद होत नाही, त्यामुळे डावी बाही भिजली. कोयना दुथडी भरून वाहतेय. फोनवर तेवीस मेसेज आणि बहुतेक एकाच अर्थाचे: “मॅडम आज लास्ट डेट आहे का?” “मॅडम लिंक?” “मॅडम काल भरलं होतं, दिसत नाही.”

दर बुधवारी असाइनमेंटची शेवटची तारीख असते. गेले पाच आठवडे दर बुधवारीच होती.

९.४०

मस्टरवर सही केली, छत्री लॅबच्या कोपऱ्यात उघडी करून ठेवली आणि यादी काढली. आमचं कॉलेज एनपीटीईएलचं ‘लोकल चॅप्टर’ आहे आणि मी त्याची स्पॉक. इंग्रजीत त्या पदाला लांबलचक नाव आहे. मराठीत सांगायचं तर कोर्सवाले आणि पोरं यांच्यामधली निरोपी.

एनपीटीईएल २००३ मध्ये सुरू झालं. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून आपली व्याख्यानं चित्रित करून सगळ्यांना खुली केली. २०१४ पासून त्याला परीक्षा आणि प्रमाणपत्र जोडलं गेलं. २०१७ मध्ये केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ आलं आणि हे कोर्स तिथे दिसू लागले. बारा आठवड्यांच्या कोर्सचा हिशोब असा: दर आठवड्याला नवे व्हिडिओ आणि एक असाइनमेंट. बारांपैकी सर्वांत चांगल्या आठ असाइनमेंटांची सरासरी २५ गुणांत मोजतात, आणि ७५ गुणांची परीक्षा केंद्रावर जाऊन संगणकासमोर द्यायची. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही हवेत. असाइनमेंट मुदतीपर्यंत कितीही वेळा भरता येते, शेवटची धरतात. मुदत बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटं.

या सत्रात आमची बहुतेक पोरं पायथनच्या कोर्सला आहेत. त्यांना अडलं तर सांगता यावं म्हणून मीही नाव घातलंय. प्रोग्रॅमिंग माझा विषय नव्हे, म्हणजे याही वर्गात मी मागच्या बाकावर.

वरून फोन आला, “मॅडम, नोंदणीचा आकडा पाठवा, फाइलला लावायचाय.” आकडा पाठवला. नोंदणी केलेल्यांतले किती जण दुसऱ्या आठवड्यापर्यंत टिकले हे फाइल विचारत नाही.

११.००

दुसऱ्या वर्षाचा तास. फळ्यावर दोन समीकरणं लिहिली आणि पहाटेचा माल गरम असतानाच वाढला.

“दिवाळीचे डबे विकायला आहेत. छोट्या डब्यात दोन लाडू, एक करंजी. मोठ्या डब्यात एक लाडू, तीन करंज्या. मला घरी नेमके चार लाडू आणि सात करंज्या न्यायच्यात. डबा फोडायचा नाही. कुठले किती घेऊ?”

वर्ग एकदम जागा झाला. मागून आवाज आला, “एक छोटा, दोन मोठे.” मोजून पाहिलं: लाडू दोन आणि दोन, चार, करंज्या एक आणि सहा, सात. मग डबे पुसून त्याच जागी स्तंभ काढले. उभा एक डबा, उभा दुसरा, उजवीकडे मागणी. “आता सांगा, मागणी कितीही विचित्र असली तरी या दोन डब्यांत भागेल का?” एक जण म्हणाला, “मॅडम, मग उणे डबे पण लागतील.” लागतील की. उणे म्हणजे परत दिलेले.

तास संपल्यावर त्याच पोराने विचारलं, “हे कुठल्या पुस्तकात आहे?” मी स्ट्रँग सरांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “त्यांच्यात करंज्या असतात?”

१२.४५

लॅब. बाहेर अंधारून आलंय, आत ट्यूबलाइट फडफडतेय. मी पाठीमागून चालत एकेकाची असाइनमेंट बघत होते. सहा स्क्रीन ओलांडले आणि पाय थांबला. सहाही जणांचं सातव्या प्रश्नाचं उत्तर एकच आणि चुकीचं. उत्तरं एकच असतील तर आनंद मानावा, पण चूकही एकच असेल तर ती कुणाच्या तरी फोनमधून आलेली असते. दर आठवड्याला हे होतं. कुणीतरी अनोळखी माणूस उत्तरांचा फोटो टाकतो, तो ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरतो, आणि जो शिकायला बसलाय तो टिक करून उठतो.

मी ओरडले नाही. ओरडून आठवडाभर फोटो लपवले जातात, एवढंच. प्रश्न मोठ्याने वाचला. एक यादी केली: १, २, ३. तिला नाव दिलं ‘अ’. पुढची ओळ, ब = अ. मग ‘ब’च्या शेवटी ४ जोडला. आता ‘अ’मध्ये किती आकडे?

“तीन,” सहा जण एकासुरात म्हणाले. फोटोत तेच होतं.

“का?”

शांतता. मग एक जण म्हणाला, “चार तर ‘ब’मध्ये घातला ना, मॅडम. ‘अ’ला कुठे हात लावला?”

हे उत्तर चुकीचं होतं, पण त्याचं स्वतःचं होतं. मला बरं वाटलं. मी म्हटलं, “माझं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. सासरच्या नावाने मला कुणी चहा दिला आणि जीभ भाजली, तर माहेरच्या नावाच्या बाईची जीभ शाबूत राहील का?”

हसले. मग हसू थांबलं आणि दोघा-तिघांनी खरंच कळफलकाकडे हात नेला. ब = अ लिहिल्याने यादीची प्रत निघत नाही, त्याच यादीला आणखी एक नाव चिकटतं. प्रत हवी तर तशी वेगळी मागावी लागते. एकाने चालवून पाहिलं आणि पुटपुटला, “आयला, चार.” मग माझ्याकडे बघून, “सॉरी मॅडम.”

खिडकीकडच्या संगणकावर एक मुलगी होती, डोंगराकडच्या वाडीहून येणारी. तिने उत्तर भरलंच नव्हतं. वहीत मान खाली घालून यादी लिहीत होती आणि काही बोलली नाही.

२.३०

डबा खाऊन आले तर लॅबचे मामा माझ्या टेबलाशी उभे. “मॅडम, बघता का जरा.”

मामा बावीस वर्षं इथे शिपाई आहेत. डेड स्टॉक रजिस्टर त्यांच्या अक्षरात आहे, लाल शाईच्या रेघांसकट. या वर्षी हुकूम आला की सगळं संगणकावर हवं. क्लास लावायचा तर पैसे आणि संध्याकाळ दोन्ही जाणार. मी त्यांना स्पोकन ट्युटोरियल दाखवलं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला प्रकल्प. दहा-दहा मिनिटांचे धडे, फुकट सॉफ्टवेअरवर, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज दिलेला. मामांनी लिब्रेऑफिस कॅल्क घेतलंय.

तिथली बसायची पद्धत मला फार आवडते. पडद्याचे दोन भाग करायचे. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला खरं सॉफ्टवेअर. आवाज सांगेल तेवढं ऐकायचं, थांबवायचं, शेजारी करायचं, मग पुढे. मामांचं थांबवायचं बोट ठरलेलं आहे, उजवी तर्जनी; ती स्पेसच्या लांब बटणावर फण्यासारखी उभी असते. बाईचा आवाज म्हणतो, आता या सेलवर क्लिक करा. तर्जनी खाली. मामा चष्मा कपाळावरून नाकावर आणतात, सेल शोधतात, क्लिक करतात, चष्मा परत वर. तर्जनी खाली. दहा मिनिटांचा धडा मामांना पाऊण तास पुरतो. एकही वाक्य वाया जात नाही.

आज त्यांची बेरीज शून्य येत होती. मी पाहिलं तर सगळ्या किमतींमागे त्यांनी इमानदारीने ‘रु.’ लिहिलं होतं. संगणकाला तो आकडा न वाटता मजकूर वाटत होता. “आकड्याला आकडाच राहू द्या मामा, रुपयाचं चिन्ह वरून चढवता येतं.” त्यांनी एकेक ‘रु.’ पुसला. बेरीज खाली उमटली तेव्हा त्यांनी ती रजिस्टरातल्या लाल शाईच्या बेरजेशी ताडून पाहिली. जुळली. त्यावर ते जे बोलले ते रजिस्टरबद्दल होतं: “म्हंजे माझं बरोबर होतं.”

धड्याच्या शेवटी भाषांतर कुणी केलं आणि आवाज कुणी दिला हे सांगतात. मामा ते नावासकट शेवटपर्यंत ऐकतात. मधेच बंद करणं त्यांना बोलणाऱ्या माणसासमोरून उठून जाण्यासारखं वाटतं.

४.१५

ग्रंथालयात वाय-फाय बरं चालतं म्हणून चारनंतर तिथे गर्दी. वाडीची मुलगी पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ फोनमध्ये उतरवून घेत होती. तिच्या घरी रेंज येते ती परड्यातल्या फणसाच्या झाडाखाली, आणि या दिवसांत फणसाखाली उभं कोण राहणार? म्हणून एसटीच्या दीड तासात ती सगळं बघते.

वही मागितली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे तिचं मराठी. ‘असाइन’पुढे लिहिलं होतं: नेमून देणे. ‘लूप’पुढे: फेरा. ‘रिटर्न’पुढे आधी ‘परत येणे’ लिहून खोडलेलं, मग ‘परत देणे’. त्या एका खोडण्यासाठी तिने ते व्याख्यान तीनदा ऐकलं होतं. शाळा मराठी माध्यमाची. तिला पायथन अवघड जात नाही. अवघड जातं ते कोर्सच्या सरांचं भरधाव इंग्रजी. खाली सबटायटल्स येतात, पण ती वाचायची की फळ्याकडे बघायचं?

“वेग पाऊणपट करून बघ,” मी म्हटलं.

“करते मॅडम. पण हसतात सगळे.”

“मीपण करते.”

तिने वर पाहिलं. कॉलेजात हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

मग तिने खरा प्रश्न काढला. परीक्षेला बसू का? कोर्स फुकट, पण परीक्षेची फी १००० रुपये. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी असते, ती त्यात बसत नाही. वर केंद्रावर जायचं-यायचं एसटीचं भाडं. हजार रुपये म्हणजे तिच्या घरी दुधाचा आठवडा. मी आकडेमोड मांडली: पाच असाइनमेंटांचे गुण चांगले आहेत, २५ पैकी १० तर होऊनच गेले. या कोर्सचे श्रेयांक विद्यापीठाच्या निकालात धरता येतात, म्हणजे पुढच्या सत्रातला एक पेपर हलका होईल. भर म्हणाले नाही. घरी विचारून ये म्हणाले. फॉर्मची मुदत अजून आहे.

५.४०

परतीची एसटी. माझ्या पुढच्या दोन बाकांवर आमचीच चार पोरं, कानात बोंडं. दोघं क्रिकेट बघत होते, एक झोपला होता, एकाच्या फोनवर फळा दिसत होता. चारात एक. वाईट नाही.

८.३०

भाकरी, पिठलं, मुलीचा गृहपाठ. सकाळचा चौकोन आता उघडला. व्हिडिओतल्या बाईंनी गुणोत्तर छान समजावलं, रंगीत चित्रांसकट. मुलगी शेवटपर्यंत बघत बसली आणि म्हणाली, “तू पिठात सांगितलं तेच आहे.” सासूबाई हसल्या. “शिकवणारीला पगार, पिठाला कोण विचारतंय?” म्हणाल्या.

१०.४०

मेसेजना पूर आला. कुणाचा पासवर्ड गेला, कुणाच्या गावात लाइट गेली. एकाने हॉटस्पॉटसाठी शेजारच्या काकांना उठवलं. एकाने फोन केला, “मॅडम, सर्व्हर स्लो आहे.” सर्व्हर दर बुधवारी साडेदहानंतरच कसा मंदावतो हे मी त्याला विचारलं नाही. मी प्रत्येकाला एकच लिहिते: भर, मग हिरवी खूण दिसते का बघ, दिसली की झोप.

अकराला लक्षात आलं, माझीच असाइनमेंट भरायची राहिलीय. सगळ्या गावाला उठवणारी स्वतः झोपलेली! दहा प्रश्न, हातात एकोणसाठ मिनिटं. मुलीची रफ वही ओढली. सातवा प्रश्न दुपारीच झाला होता. नववा मात्र अडला. एकात एक दोन फेरे, आतल्या फेऱ्याची मोजणी बाहेरच्यावर अवलंबून. उत्तरांचा तो फोटो अजून फोनमध्ये होता, दुपारी पुरावा म्हणून एकाकडून मागून घेतलेला. नवव्याचं उत्तर त्यात असणार. बोट त्या फोटोवर गेलं हे खरं आहे. मग सहा जणांचा एकसूर आठवला, “तीन.” फोटो पुसून टाकला आणि वहीत तक्ता आखला. बाहेरचा फेरा एक, आतला एक. बाहेरचा दोन, आतले दोन. बाहेरचा तीन, आतले तीन. अकरा अठ्ठेचाळीसला भरलं. चुकलं असेल तर माझं मीच चुकवलेलं असेल.

११.५३

वाडीच्या मुलीचा मेसेज. म्हणजे फणसाखाली उभी असणार, पावसात.

“मॅडम सातव्याला चारच ना?”

मुदत संपायच्या आत मी उत्तर सांगत नाही, हे तिला माहीत आहे. लिहिलं, “नावं किती आणि याद्या किती ते मोज.”

टाइप करतेय, थांबलीय, परत टाइप करतेय. मी घड्याळाकडे बघत होते. ११.५६.

“यादी एकच मॅडम. आमच्या म्हशीसारखं. आई तिला चंद्री म्हणते, आजी काळी म्हणते. दूध एकाच बादलीत येतं.”

आणि खाली हिरव्या खुणेचा फोटो, स्क्रीनवर पावसाचे दोन थेंब.